चढासाठी घेतलेली फ्रेम

ताई,

तू गेल्याला आज एकोणीस दिवस झाले. या एकोणीस दिवसांत मी तुझ्याबद्दल इतकं खोटं ऐकलंय की शेवटी हे लिहायला बसलो. खोटं म्हणजे वाईट नव्हे. लोक चांगलंच बोलतात. 'बिचारी रोज डोंगर चढून शाळेत जायची.' 'रस्ता धड नाही, म्हणून बाईंना या वयात सायकल हाणावी लागायची.' मोखाड्याला तुझ्या घराच्या ओट्यावर बसून मी हे पन्नास वेळा ऐकलं आणि पन्नास वेळा मान हलवली. बिचारी म्हणे! दारात स्कूटी उभी होती. दाजींची मोटरसायकल होती. अर्ध्या वाटेपर्यंत जीपही जाते. तुला सायकल हाणावी लागत नव्हती, ताई, तुला सायकल आवडायची. पण दुःखाच्या घरात असं काही बोललेलं बरं दिसत नाही, म्हणून मी गप्प बसलो. आता कागदावर तरी बोलतो.

तू कशी गेलीस याबद्दल मी फार लिहिणार नाही. शाळेतून आलीस, डोकं ठणकतंय म्हणालीस, आणि नाशिकला पोचेपर्यंत आमच्याशी बोलायची थांबली होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं संपलं. शेहेचाळीस वर्षं. दाजी आणि मी, दोघांनी मिळून तुझे बूट गाडीतून परत आणले. बस, एवढंच. मला त्या गाडीतल्या तीन तासांबद्दल लिहायचं नाही. मला आपल्या भांडणांबद्दल लिहायचंय, आणि आपली खरी भांडणं झाली ती सायकलच्या एका फ्रेमवरून.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत तू जव्हारला माझ्या ऑफिसात आलीस. मी टेबलावर दाखल्यांचा गठ्ठा घेऊन बसलो होतो. तू दाखल्यासाठी आलेल्या लोकांबरोबर बाकावर बसून राहिलीस, आपला नंबर यायची वाट बघत. मी दोनदा खूण केली तरी उठली नाहीस. नंबर आला तेव्हा समोर येऊन एक्सरेचं पाकीट टेबलावर ठेवलंस.

"काय म्हणाले डॉक्टर?" मी विचारलं.

"सायकल बंद करा म्हणाले."

"मग?"

"मग काय! मागेपण शॉकअप असलेली फ्रेम शोध."

मी शेजारच्या टेबलाकडे बघितलं. सगळे ऐकत होते. तुझ्या जुन्या सायकलला फक्त पुढे शॉकअप होता, मागचं चाक थेट फ्रेमलाच घट्ट. दहा वर्षं त्या वाटेवरचा एकेक धोंडा सीटमधून सरळ तुझ्या कमरेत गेला होता. कमरेचे दोन मणके एकमेकांच्या जवळ आले होते. ते एक्सरेत मलासुद्धा कळत होतं.

"डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं ना?" मी म्हटलं.

"मणक्यांना हादरे नकोत म्हणाले. मग हादरे बंद करू. सायकल कशाला?"

"घरात स्कूटी आहे ताई."

"ती पाड्याखालच्या दगडी नाळेतून वर नेऊन दाखव, मग बोलू." आणि मग तू जरा वाकलीस, आवाज खाली आणलास. "आणि दिप्या, मला आवडतं रे. आवडतं, हे कारण पुरत नाही का?"

तुझ्यासारखं सरळ विचारायला आपल्या घरात कुणालाच येत नाही. मी एका रद्द फॉर्मच्या मागे 'फ्रेम' असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

तू पूर्वीपासूनच अशी होतीस. आपण दोघं सायकल शिकलो ती दादांच्या काळ्या सायकलवर, तू आधी, मी नंतर, नळीखालून पाय घालून. पुढे काय झालं तर मी सायकलींबद्दल वाचत गेलो आणि तू चालवत गेलीस. जव्हारात कुणालाही सायकल घ्यायची असली की लोक माझ्याकडे येतात. मला सगळे आकडे पाठ. आणि तू मोखाड्यापासून सूर्यमाळच्या अंगाला असलेल्या त्या पाड्यावरच्या शाळेत रोज वर जायचीस, रोज खाली यायचीस, आणि तुला तुझ्या टायरचा नंबर विचारला तर खाली वाकून वाचून सांगायचीस.

म्हणून फ्रेम निवडायची म्हटल्यावर मला वाटलं, हे माझं काम. डब्याच्या सुटीत मी फोनवर फ्रेम बघायला लागलो. डोंगरात स्वतःच्या पायांनी चढायचं आणि तोच डोंगर दगडधोंड्यांवरून उतरायचं, अशा चालवण्याला ऑल माउंटन म्हणतात, हे मी तुला फोन करून सांगितलं. तू म्हणालीस, "बरं झालं नाव सांगितलंस. मी आपलं शाळेत जाणं म्हणायचे."

अशा फ्रेमचा मागचा भाग सांध्यांवर हलतो. चाकाला दगड लागला की चाक वर उचललं जातं, शॉकअप दबतो, आणि हादरा माणसापर्यंत येत नाही. चाक किती वर-खाली होऊ शकतं ते मिलिमीटरमध्ये मोजतात. मी एकशेसाठची फ्रेम पक्की केली. उतारावर जीपसारखी जाते, असं सगळ्यांनी लिहिलेलं होतं. तुझी कंबर डोळ्यांसमोर ठेवूनच मी ती निवडली, असं मी स्वतःला सांगत होतो.

मग ती नाशिकची मंडळी आली. दिवाळी नुकतीच झाली होती, वाटा वाळल्या होत्या. सहा-सात जण महागड्या सायकली घेऊन सूर्यमाळला उतरले होते. मी तुला मुद्दाम घेऊन गेलो. त्यातल्या दाढीवाल्या कौस्तुभकडे नेमकी एकशेसाठची सायकल होती. तो भला माणूस. "ताई, चालवून बघा," म्हणाला आणि सीट खाली करून दिली. तू ओढणी कमरेला बांधलीस, त्याचं हेल्मेट घातलंस आणि निघालीस.

त्या उतारावर मी तुला पहिल्यांदा नीट बघितलं, ताई. इतकी वर्षं तू सायकल चालवतेस हे मला माहीत होतं, पण कशी चालवतेस ते मी बघितलंच नव्हतं. कोपरं बाहेर, नजर लांब, बूड सीटवरून सुटलेलं. खाली सायकल उड्या मारतेय आणि वर तुझं डोकं ताटातल्या पाण्यासारखं स्थिर. कौस्तुभ माझ्या शेजारी उभा होता. त्याने मित्राला कोपराने ढोसलं आणि खाली बोट दाखवलं. मला एकदम अभिमान वाटला आणि थोडं वाईटही वाटलं. परक्या माणसाच्या डोळ्यांनी मला माझी बहीण दिसली होती.

सगळ्यांना वाटलं, तू खालीच थांबशील. त्यांची गाडी खाली होतीच, सायकली तिच्यात टाकून वर आणायचा त्यांचा बेत होता. तू मात्र वळलीस आणि तीच सायकल चालवत वर यायला लागलीस. आम्ही कितीतरी वेळ वाट बघितली. वर पोचलीस तेव्हा तोंड लाल झालं होतं. सायकल कौस्तुभच्या हातात दिलीस, दोन घोट पाणी प्यायलीस आणि म्हणालीस, "उतरताना देवमाणूस आहे हो तुमची सायकल. चढताना नुसती म्हैस."

सगळे पोट धरून हसले. मी सोडून.

परत येताना जीपमध्ये मी तुला समजावत होतो की कंबर उतारावर दुखते, म्हणून उताराचा विचार करायला हवा. तू खिडकीबाहेर बघत होतीस. दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी तुझा फोन आला.

"घड्याळ लावून बघितलं. सकाळी चढायला पाऊण तास. संध्याकाळी उतरायला अकरा मिनिटं."

"मग?"

"मग तू मला अकरा मिनिटांसाठी फ्रेम घेऊन देतोयस. मला पाऊण तासासाठी हवीय. उतारावर मी माझे गुडघे वापरीन. चढावर मला कोण ढकलणार?"

मी इतकं वाचलं होतं, पण कुणीही हे इतकं साधं करून लिहिलेलं नव्हतं. आपण त्या सायकलवर जास्त वेळ काय करतो, ते आधी बघायचं. मी एकशेसाठ सोडली आणि एकशेचाळीसवर आलो. सीटची नळी जरा उभी, म्हणजे चढताना माणूस मागे कलंडत नाही आणि पेडलवर जोर सरळ खाली पडतो. हे मी तुला सांगायला लागलो तर तू म्हणालीस, "हां, म्हशीवर मागे बसल्यासारखं वाटत होतं ते हेच."

तरीही चार फ्रेम उरल्या होत्या. त्यातल्या तीन तू एका वाक्यात बाद केल्यास. फोटोवर बोट ठेवून विचारलंस, "यात बाटली कुठे बसते?"

त्या तिन्हींमध्ये शॉकअप फ्रेमच्या पोटात आडवा होता. बाटलीला जागाच नव्हती. मी म्हटलं, पाठीवर पाण्याची पिशवी घे, सगळे तसंच करतात.

"कंबरेसाठी फ्रेम घेतोय आणि पाठीवर तीन लिटर वाहू?"

"मग पाड्यावर कुणाकडेही माग. बाई म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?"

तू चिडलीस. खरी चिडलीस. "कोणी नाही म्हणणार नाही, म्हणूनच मागायचं नाही. चैत्रात त्या बायका पहाटे उठून खाली झऱ्यावर जातात. वाटीवाटीने हंडा भरतात. दोन डोंगर चढून आणलेल्या हंड्यातलं मी सायकलची हौस करत येऊन मागू? माझं पाणी माझ्या सायकलवर पाहिजे."

जगात कुठेतरी शहाणी माणसं संगणकावर फ्रेमचे कोन काढत असतात. त्यांच्यापैकी कुणाला कधी वाटलं असेल का, की बाटलीच्या जागेवरून सूर्यमाळच्या पाड्यांवरच्या बायकांशी आपण कसं वागतो ते ठरतं?

राहिलेली चौथी फ्रेम कार्बनची आणि अॅल्युमिनियमची, दोन्हींत मिळत होती. मला कार्बनचा मोह होता, ती वजनाला हलकी. तू विचारलंस, पडल्यावर काय होतं? मी सांगितलं, अॅल्युमिनियमला पोचा येतो, कार्बनला कधीकधी आतून तडा जातो आणि वरून दिसत नाही. "मला दिसणारं दुखणं बरं," तू म्हणालीस आणि विषय संपला. दाजी इतका वेळ पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला आणि एकच प्रश्न विचारला, "सांध्यांतली बेअरिंग इथे मिळतील का?" लाइनमन माणूस, खांबावर चढल्यावर पाना खाली राहिला तर काय होतं ते त्यांना ठाऊक. मी दुकानात फोन करून बेअरिंगचे नंबर विचारले. मोटरच्या दुकानात मिळतात तेच नंबर निघाले. दाजींनी मान डोलावली आणि पेपर परत वर केला.

इथपर्यंतची सगळी गोष्ट मी लोकांना अनेकदा सांगितली आहे. यापुढची कुणालाच सांगितली नव्हती. तुलाही नाही.

ती फ्रेम स्मॉल, मीडियम आणि लार्ज अशा साइजमध्ये येत होती. तू पाच फूट एक इंच. तुला स्मॉल लागत होती, यात काही प्रश्नच नव्हता. दुकानदारानेही स्मॉलच सांगितली, आणि ती दुकानात होती. मी मीडियम मागवली. तुला सांगितलं, "स्मॉल संपलीय ताई, पुढे कधी येईल सांगता येत नाही." तू म्हणालीस, "चालेल की. तुला कळतं त्यातलं."

मी पाच फूट नऊ इंच आहे. स्मॉलवर मला बसताच आलं नसतं. मीडियमवर कसंबसं बसता येत होतं. रविवारी शाळा नसते, तेव्हा सायकल रिकामी असणार, असा हिशोब मी मनात केला होता. तुझ्या कंबरेसाठी घेतलेली फ्रेम मी माझ्या रविवारच्या मजेच्या मापाने मागवली.

फ्रेम आली. तुझ्या ओट्यावर आपण ती उघडली. पोपटी रंग बघून तू हात जोडलेस, "अरे देवा, पोपट." जुन्या सायकलचं मागचं चाक तिला बसेना, फ्रेमची बेचकी रुंद निघाली. आकडे पाठ असलेल्या भावाची ही चूक. शेवटी कौस्तुभने आपलं एक वापरलेलं चाक आणि पुढचं चाक धरणारा चांगला फोर्क एसटीने पाठवला. मग मागच्या शॉकअपमध्ये हवा भरायची होती. माणसाच्या वजनाप्रमाणे ती कमी-जास्त करावी लागते. तू बूट, हेल्मेट, भरलेली बाटली, सगळं घेऊन बसलीस. "रिकामं वजन घेऊन मी कधी जाते का?" दाजींनी सायकल धरली, मी गुडघ्यावर बसून पंप मारत होतो, आणि तू वर बसून राणीसारखी आम्हा दोघांना सूचना देत होतीस.

पहिल्या दिवशी शाळेत पोचल्यावर तू फोन केलास. मागे नुसता गलका. अख्खी शाळा सायकलच्या सीटवर दाबून बघत होती, ती कशी खाली बसते आणि परत वर येते. "आज पहिला तास शॉकअपचा," तू म्हणालीस. मग हळूच, "दीपक, कमरेत काही झालं नाही रे. काहीच नाही." त्या 'काहीच नाही'साठी मी सगळं केलं होतं, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं. माणूस स्वतःला किती पटकन माफ करतो!

कंबर सुधारली, हे खरं. पण महिन्याभरात तुझी सीट पुढे सरकली. मग आणखी पुढे. मग तू हँडल जवळ आणणारा आखूड तुकडा लावून घेतलास. तरी हात जरा ताणलेलेच राहायचे. संध्याकाळी चहा पिताना तू उजवा खांदा चोळायचीस. मी समोर बसलेला असायचो. मला कारण माहीत होतं. मी विचारायचो, "काय झालं?" आणि तू म्हणायचीस, "फळ्यावर लिहून लिहून."

आणि दर रविवारी मी तुझी सायकल घेऊन जायचो. पिकअपमध्ये टाकून वर न्यायचो आणि खाली उतरायचो. कधी सूर्यमाळवरून, कधी इकडे जव्हारला आणून शिरपामाळच्या बाजूला. संध्याकाळी चिखल धुऊन परत आणायचो, सीट पुन्हा तुझ्या खुणेवर करून. तू दरवेळी विचारायचीस, "कशी गेली?" आणि मी उताराचं वर्णन करायचो. तू अगदी लक्ष देऊन ऐकायचीस, जणू तू तो उतार कधी बघितलाच नाहीस. दोन वर्षं हे चाललं. त्या प्रत्येक रविवारी मला खरं सांगता आलं असतं. एका फोनवर फ्रेम बदलून मिळाली असती. सुरुवातीला मला लाज वाटली, आणि नंतर सवय झाली.

बाराव्या-तेराव्याची माणसं गेल्यावर दाजी मला म्हणाले, "त्या सायकलचं काय करायचं? कौस्तुभचा फोन आला होता. त्यांच्यातल्या कुणाला हवी असेल तर विचारतो म्हणाला."

सायकल पडवीत टेकवलेली होती. माझ्याने राहवलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. स्मॉल होती, मी मीडियम मागवली, ताईला खोटं सांगितलं. सांगताना मला वाटत होतं, आता हे उठून आत जातील.

दाजी पडवीकडे बघत म्हणाले, "साइज मोठी झालीय, हे तिला कौस्तुभने पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. इथेच बसला होता. म्हणाला, ताई, तुम्हाला लहान फ्रेम हवी होती, बदलून घ्या, मी मदत करतो."

"मग? काय म्हणाली ती?"

"म्हणाली, राहू द्या. घरात दोघं चालवतात."

मी मान खाली घातली. तुला माझं खोटं कळलं होतं की नाही, ते दाजींना माहीत नाही. मलाही आता कधी कळणार नाही. पण फ्रेम आपल्याला मोठी आहे हे माहीत असून, खांदा दुखत असून, तू ती माझ्यासाठी ठेवलीस. मी जे चोरून घेतलं ते तू मला उघडपणे दिलं होतंस, आणि मला सांगितलंही नव्हतंस. ताई, मला तुझी माफी मागायची आहे, आणि तुझे आभारही मानायचे आहेत. कुठलं आधी, ते ठरत नाही.

दाजी उठले, सायकल माझ्यापुढे आणून उभी केली. "आता एकच जण उरला. घेऊन जा," म्हणाले आणि आत गेले.

परवाच्या रविवारी मी ती घेऊन निघालो. या वेळी पिकअप सांगितली नाही. तुझ्या घरापासून, तुझ्या वेळेला, सकाळी साडेसहाला.

आपली दोन भांडणं अर्धीच राहिली होती. त्या शॉकअपला एक छोटा खटका आहे. तो फिरवला की शॉकअप घट्ट होतो, चढावर सायकल डुलत नाही, ताकद वाया जात नाही. मी तुला शंभर वेळा सांगितलं, चढताना तो बंद कर. तू कधीच केला नाहीस. "चाक दगडाला धरून राहिलं पाहिजे," म्हणायचीस. "ज्यांनी बनवली त्यांना कळत नाही का?" मी म्हणायचो. "त्यांना आपली नाळ माहीत नाही," तू म्हणायचीस. आणि दुसरं भांडण त्या नाळेचंच. पाड्याच्या खाली, सुट्या दगडांनी भरलेली ती उभी खाच. तू म्हणायचीस, मी ती पाय न टाकता चढते. मी म्हणायचो, शक्य नाही, तिथे कौस्तुभसुद्धा उतरून चालतो. "ये बघायला," तू म्हणायचीस. मी कधी आलो नाही. मी रविवारी वरूनच खाली यायचो.

नाळेपर्यंत पोचेतोच माझा तास झाला होता. नागलीच्या माळावर दोनदा थांबलो. नाळेच्या तोंडाशी मी सवयीने खटका बंद केला आणि जोर लावला. दहा हातांवर मागचं चाक दगडावर गरगर फिरलं आणि मी पाय टाकला. खाली आलो. खटका उघडला. पुन्हा जोर लावला. ताई, या वेळी चाकाने दगड धरला. सायकल माझ्याखाली हळूहळू खाली-वर होत होती आणि चाक सुटत नव्हतं. मी नाळेत आडव्या आलेल्या वाकड्या मुळाच्याही पुढे गेलो. मग दम संपला आणि पुन्हा पाय टाकला. तरी पहिल्या भांडणाचा निकाल लागला होता. तू बरोबर होतीस.

वरच्या बांधावर एक म्हातारा शेळ्या घेऊन बसला होता. तो माझी मजा बघत होता.

"बाईचा भाव ना तू?" त्याने विचारलं.

"हो. कसं ओळखलं?"

"सायकल वळखली."

मी सायकल धरून त्याच्याजवळ गेलो. "बाबा, बाई इथे उतरायच्या का? पाय टाकायच्या खाली?"

"नाय. बसलेलीच जाय वर. त्या आंब्याखाली जाऊन मंग दम खाय."

"कधीच नाही टाकला पाय?"

तो हसला. "पयलं लय पडं. एक अख्खा पावसाळा पडं. हात फुटं, गुडघा फुटं. आमी बोलू, बाय, चालत जा ना. तर बोलं, आज नाय तर उद्या. मंग एक दिस गेली सरळ वर. मंग नाय पडली कधी."

मी तिथेच एका दगडावर बसलो. एक अख्खा पावसाळा. तू घरी हे कुणालाच सांगितलं नव्हतंस. दाजींनाही नाही, मी नंतर विचारलं. आम्हाला तू फक्त एवढंच सांगितलंस की चढते. मी नाही म्हणालो आणि तू हसलीस. तुझ्याकडे पुराव्याला फुटलेले गुडघे होते, पण ते तू दाखवले नाहीस. मला इतकी वर्षं वाटायचं की तुझ्यात ते जन्मतःच आहे, माझ्यात नाही, म्हणून तू चालवायचं आणि मी वाचायचं. त्या दगडावर बसून मला पहिल्यांदा कळलं की तू पडून पडून शिकली होतीस. मी कधी पडलोच नाही, कारण मी नेहमी वेळेवर पाय टाकला.

आणखी तीन वेळा चढून बघितलं. तिन्ही वेळा पाय टाकला. शेवटी सायकल हातात धरून आंब्यापर्यंत चालत गेलो आणि तिथून तुझ्या शाळेपर्यंत चालवत. शाळेला कुलूप होतं. पायरीवर थोडा वेळ बसलो आणि मग उतरलो, सावकाश.

येत्या रविवारी परत जाणार आहे, खालूनच. मी पडणार आहे, ताई.